हवाबंद सांधा

सून: डॉक्टरबाईंच्या गाडीचे दोन्ही सेन्सर खराब निघाले, असं म्हणू या बाबा. दुकानदार बदलून देईल. विषय संपला.

सासरे: विषय संपलेला नाही, सूनबाई. तू तो संपवते आहेस. दोन सेन्सर, महिन्याच्या अंतराने आणलेले. दोन्ही वीस मिनिटं व्यवस्थित चालतात आणि मग अगदी एकाच पद्धतीने आजारी पडतात. योगायोगाला एवढी शिस्त नसते.

सून: एकाच लॉटमधला माल असेल.

सासरे: खोक्यांवरचे क्रमांक मी लिहून ठेवले आहेत. लॉट वेगळे आहेत.

सून: खोक्यांवरचे क्रमांकही लिहून ठेवलेत?

सासरे: पस्तीस वर्षं प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं दुरुस्त केली. सवय आहे. तुझ्या सासूबाई म्हणायच्या, लग्नाच्या दिवशीही यांनी आधी माझा चष्म्याचा नंबर विचारला.

सून: खरंच विचारला होता?

सासरे: एकमेकांना नीट दिसत असलं पाहिजे, एवढाच हेतू होता. ते राहू दे. मला सगळं पहिल्यापासून सांग. मला यातलं काही ठाऊक नाही, असं समज.

सून: बाबा, तुम्हीच तर...

सासरे: मला ठाऊक नाही. सांग.

सून: बरं. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंची गाडी. डॅशबोर्डवर पिवळा दिवा, पेट्रोल भरमसाट खाते आणि धूरतपासणीत नापास. बाई मला म्हणाल्या, मी दिवसभर माणसांचा ऑक्सिजन मोजते आणि माझ्या गाडीला स्वतःचा मोजता येत नाही.

सासरे: बाई हुशार आहेत. पुढे?

सून: स्कॅनर लावला. ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष, असं आलं. जुना सेन्सर काजळीने मेला होता, त्यात वाद नाही. नवा आणला, तो आला प्लगशिवाय, नुसत्या चार तारा. जुना प्लग कापून त्याला जोडला. गाडी पास झाली. महिन्याभरात बाई परत. पुन्हा नवा आणला, पुन्हा तसाच जोडला. आज सकाळी पुन्हा परत. इंजिन थंड असताना झकास, वीस मिनिटं फिरवली की दिवा पेटतो.

सासरे: आणि तेव्हा सेन्सर काय सांगतो?

सून: धुरात ऑक्सिजन फार उरलाय, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. मग इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. हा म्हणतो अजून कमी, तो आणखी वाढवतो.

सासरे: आणि प्रत्यक्षात?

सून: प्रत्यक्षात इंजिनाचे स्पार्क प्लग काढून पाहिले तर काळेकुट्ट. सेन्सर म्हणतो उपाशी आहे आणि प्लग म्हणतात अजीर्ण झालंय.

सासरे: दोघांपैकी खोटं कोण बोलतं?

सून: सेन्सर. मी हवेच्या नळीत थोडा गॅस सोडून पाहिला. सेन्सरने पॉइंट नऊ व्होल्टपर्यंत उडी मारायला हवी होती. पॉइंट तीनच्या पुढे सरकला नाही.

सासरे: एक्झॉस्टच्या नळीला भोक? बाहेरची हवा आत शिरून सेन्सर फसत असेल.

सून: साबणाचं पाणी मारून पाहिलं. कुठेही गळत नाही. फ्यूज ठीक. सेन्सरच्या हीटरला बारा व्होल्ट पोचतात. कॉम्प्युटरपर्यंतच्या तारा मोजल्या, कुठे तुटलेल्या नाहीत, कुठे बॉडीला टेकत नाहीत.

सासरे: छान. आता दोन्ही बिघाडांत समान काय ते सांग.

सून: गाडी समान.

सासरे: गाडी तर तू तपासलीस. आणखी?

सून: पेट्रोल. रस्ता. डॉक्टरबाई.

सासरे: सूनबाई, तुला खोटं बोलता येत नाही. अभ्यास न झालेल्या मुलीसारखी छताकडे बघतेस.

सून: आणि तुमचे सांधे. झालं समाधान?

सासरे: समाधानाचा प्रश्न नाही, यादी पूर्ण व्हायला हवी. दोन्ही वेळा चारही तारा मीच सोल्डर केल्या, वर गोंदाची नळी चढवून गरम करून आवळली. त्यांना तू हातही लावलेला नाहीस.

सून: लावलाय. मीटर लावून मोजल्या. सांध्याचा रोध जवळपास शून्य. वायर ओढून पाहिली, हलली नाही. तुमच्या सांध्यात काही नाही.

सासरे: तुला तसं वाटावं असं तुला वाटतं.

सून: हो, वाटतं. कारण आज पाच वाजता हे पेटी घेऊन येणार आहेत.

सासरे: येऊ दे. ठरलंच आहे तसं.

सून: तुम्हीच ठरवलंत ते. जेवायला बसल्या बसल्या, स्वतःहून. माझं तिसरं काम परत आलं की मी गॅरेजमधलं टेबल सोडीन, हत्यारं पेटीत जातील आणि मी घरी बसेन, म्हणालात. कोणी विचारलं होतं का तुम्हाला?

सासरे: त्याने विचारलं होतं. शब्दांत नाही. मी चहाचा कप उचलला की तो कपाकडे बघतो, माझ्याकडे नाही. हॉर्नचं काम परत आलं, पेट्रोलच्या काट्याचं परत आलं. हात थरथरतात, हे निरीक्षण आहे. त्याचा कामावर परिणाम होतो का, हा प्रश्न आहे. प्रश्नाला मर्यादा असावी म्हणून तीन हा आकडा.

सून: मग हे काम दुकानदारावर ढकलू या ना. दोन परत आली, तिसरं नाही. तुमचं टेबल राहतं, माझा इलेक्ट्रिकचा माणूस राहतो. तुमच्याशिवाय मी या तारांच्या जंजाळात काय करणार? मला इंजिन कळतं. वायर म्हटलं की मी तुम्हाला हाक मारते.

सासरे: आणि दुकानदार?

सून: त्याचं काय?

सासरे: त्याच्या नावावर आपण एक खोटा दोष लिहिणार. तो ते खोकं मागे पाठवणार, तिकडे कोणीतरी चांगला सेन्सर फोडून दोष शोधत बसणार. एका म्हाताऱ्याला खुर्ची मिळावी म्हणून. नको. तिसरा सेन्सर आणला आहेस ना?

सून: आणलाय.

सासरे: तो बसव. पण मी हात लावणार नाही. तारा नुसत्या चिमट्यांनी जोड. सोल्डर नाही, नळी नाही, काही नाही. इंजिन चाळीस मिनिटं चालू दे. तो आजारी पडला तर माझे सांधे निर्दोष. ठणठणीत राहिला तर मी पेटीची वाट बघतो.

सून: आणि हा प्रयोग नाही केला तर?

सासरे: तर मला रात्रभर झोप येणार नाही आणि उद्या मी तो तुझ्या नकळत करीन. कर आता.

(चाळीस मिनिटांनंतर. इंजिन चालू आहे.)

सून: बघू नका तिकडे.

सासरे: आकडा सांग.

सून: पॉइंट एक, पॉइंट नऊ. पॉइंट एक, पॉइंट नऊ. खाली, वर, खाली, वर.

सासरे: किती मिनिटं झाली?

सून: त्रेचाळीस. बाबा, अजून दहा मिनिटं थांबू. पडेल आजारी.

सासरे: पडणार नाही. बघ कसा सरसर फिरतोय. इंजिन बंद कर. झालं, दोष सांध्यात आहे.

सून: तुम्हाला वाईट नाही वाटत?

सासरे: वाटेल. सध्या वेळ नाही. सांध्याचा रोध शून्य, ओढला तरी निघत नाही, हीटरला पूर्ण प्रवाह मिळतो आणि तरीही त्या सांध्यामुळे सेन्सर वीस मिनिटांत खोटं बोलू लागतो. विजेच्या दृष्टीने हे अशक्य आहे. इतकं सुंदर कोडं मला कित्येक वर्षांत मिळालेलं नाही.

सून: तुमचं टेबल चाललंय आणि तुम्हाला कोडं सुचतंय.

सासरे: टेबल पाच वाजता जाणार आहे. आत्ता साडेतीन झालेत. तो काढलेला दुसरा सेन्सर इकडे दे, भिंगही दे. आता मला एक सांग, हा मोजतो काय?

सून: धुरातला ऑक्सिजन.

सासरे: नाही. हा तुलना करतो. एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची स्वच्छ हवा. दोहोंतला फरक जेवढा मोठा, तेवढे व्होल्ट जास्त. फरक संपला की व्होल्ट संपले.

सून: म्हणजे बाहेरची हवा शिळी झाली तर...

सासरे: थांब, बोल. थांबू नकोस.

सून: थांब म्हणता आणि थांबू नकोस म्हणता. बाहेरची हवा शिळी झाली तर फरक कमी, फरक कमी तर व्होल्ट कमी, आणि व्होल्ट कमी म्हणजे कॉम्प्युटरला वाटणार पेट्रोल कमी. तो वाढवणार. अगदी हेच होतंय.

सासरे: तर मग बाहेरची हवा याच्या पोटात जाते कुठून?

सून: जुन्या सेन्सरच्या टोपीला बारीक भोकं होती.

सासरे: याला नाहीत. भिंगातून बघ. टोपी गुळगुळीत, तळाला पक्की आवळलेली. तारा जिथून बाहेर येतात तिथे घट्ट रबर. पाणी जाऊ नये म्हणून सगळे दरवाजे बंद केलेत.

सून: मग हवा जाणारच कुठून? तारांखेरीज तर काही बाहेर येतच नाही.

सासरे: पुन्हा म्हण.

सून: तारांखेरीज काही बाहेर... बाबा, तारेतून हवा? तार काय नळी आहे?

सासरे: भरीव तार नसते. पण ही पंचवीस-तीस बारीक तंतूंची आहे. तंतू गोल, एकमेकांना टेकले तरी मध्ये फटी राहणार. वरून प्लास्टिकचं आवरण. त्याला नळी म्हणायला माझी हरकत नाही. पण म्हणण्याने काही सिद्ध होत नाही. सायकलचा पंप आहे ना आपल्याकडे?

सून: मागच्या भिंतीला. रबरी नळीसकट. आणि काय हवं?

सासरे: पाण्याचा ग्लास. आणि या तारा जोडताना मी कापलेला एखादा तुकडा. डब्यात टाकलेत मी ते.

सून: हा घ्या, वीतभर आहे. एक टोक नळीत, वर चिकटपट्टी, दुसरं टोक पाण्यात. मारू पंप?

सासरे: सावकाश मार. काय दिसतं?

सून: काही नाही. थांबा. बुडबुडा. अजून एक. अहो, माळ लागली की बुडबुड्यांची. बाबा, तारेतून फुंकर येतेय.

सासरे: आता दुसऱ्या सेन्सरची तार काप, माझा सांधा मधोमध येईल अशी. तेवढाच वीतभर तुकडा. तोच पंप, तोच ग्लास.

सून: लावला. मारते.

सासरे: काय दिसतं?

सून: काही नाही.

सासरे: जोरात मार.

सून: पंपाचा दांडा मागे ढकलला जातोय. एकही बुडबुडा नाही.

सासरे: चारही तारा तपास.

सून: काळी, नाही. दोन्ही पांढऱ्या, नाही. करडी, नाही. चारही ठार बंद. सोल्डरने तंतूंमधल्या फटी भरल्या आणि वरून तुमच्या गोंदाच्या नळीने बूच मारलं.

सासरे: सेन्सरच्या पोटात होती तेवढी हवा वीस मिनिटं पुरायची. गाडी रात्रभर उभी राहिली की कुठून तरी थोडी झिरपायची, म्हणून सकाळी ठीक. सगळं जुळतं. मला हे ठाऊक नव्हतं. अडुसष्टाव्या वर्षी तारेला नाक असल्याचं कळलं.

सून: सेन्सर बनवणाऱ्याने सांगायला नको होतं का? खोक्यात एक कागद असतो ना, घडीचा?

सासरे: कागद होता.

सून: मग कुठे गेला?

सासरे: तुझ्यासमोर आहे. सोल्डरच्या स्टँडखाली. टेबल जळू नये म्हणून मी तो अंथरला होता.

सून: हा? याच्यावर तर सोल्डरचे थेंब सांडलेत. थांबा, नखाने काढते. नववी ओळ. तारा सोल्डर करू नयेत. दाबाच्या नळ्यांनीच जोडाव्यात. सेन्सरला बाहेरची हवा तारांमधून मिळते.

सासरे: नऊ नंबरची ओळ?

सून: नऊ. बरोबर तुमच्या सोल्डरच्या थेंबाखाली.

सासरे: केवढ्या अक्षरात आहे?

सून: मुंगीच्या पायाएवढ्या.

सासरे: मला तो वाचता आला नसता. म्हणून मी वाचला नाही आणि वाचण्यासारखं त्यात काही नसेल असं स्वतःला सांगितलं. हे लिहून ठेव.

सून: मग हेही लिहा की मीही वाचला नाही. माझे डोळे तर ठणठणीत आहेत. खोकं फोडलं, सेन्सर काढला, कागद तुमच्याकडे फेकला.

सासरे: तुझा दोष वेगळा, माझा वेगळा. दोन दोषांची वजाबाकी होत नाही. फाटक वाजलं. तो आला.

मुलगा: पाच वाजायला दहा मिनिटं आहेत, पण रस्ता मोकळा मिळाला. पेटी कुठे ठेवू?

सासरे: इथेच. निकाल लागला आहे. दोष माझ्या सांध्यात होता. तिसरं काम.

मुलगा: बाबा, मी काही आज लगेच न्यायचं असं म्हणत नाही. हळूहळू नेऊ. आधी मोठी सोल्डर-गन, मग बाकीचं.

सून: अहो, थांबा. आधी हा सांधा ओढून दाखवा.

मुलगा: मी?

सून: तुम्हीच. दोन्ही हातांनी. सगळा जोर लावा.

मुलगा: नाही निघत. तार बोटांत रुततेय.

सून: आता हा पंप मारा. तार पाण्यात आहे. हवा आरपार गेली तर बुडबुडे येतील.

मुलगा: कसला प्रकार आहे हा? दांडा खाली जात नाहीये.

सून: नाहीच जाणार. असे आठ सांधे केलेत यांनी, दोन सेन्सरचे चार-चार. एकातूनही हवेचा कण जात नाही. मी रोज अठरा बोल्ट आवळते, माझा हात धड आहे, पण असा एक सांधा मला जमायचा नाही. थरथरत्या हाताने हे होईल?

मुलगा: मग गाडी का परत आली?

सून: कारण या तारेतून हवा जायला हवी होती आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. हाताचा दोष पाहायला नियम केला होता. हात तर निर्दोष निघाला.

सासरे: हा निष्कर्ष मला फार सोयीचा आहे. म्हणून माझा त्याच्यावर विश्वास नाही.

सून: घ्या. आता स्वतःच्याच बाजूने साक्ष आली तरी उलटतपासणी.

सासरे: हॉर्नचं काम का परत आलं ते कोणी विचारलं नाही. मी लाल तारेच्या जागी तपकिरी जोडली होती. काट्याचंही तसंच, निळीऐवजी हिरवी. संध्याकाळी मला ते रंग सारखे दिसतात. दोन वर्षं झाली. आणि हा कागद मला वाचता आला नाही. तिन्ही कामं एकाच कारणाने परत आली. तुम्ही दोघं माझ्या हाताकडे बघत बसलात.

मुलगा: तुम्ही सांगितलं का नाहीत?

सासरे: हात लपवता येत नाहीत. डोळे येतात.

मुलगा: डॉक्टरला दाखवलंत?

सासरे: दाखवीन. गुरुवारी वेळ घे. पण रंग ओळखायला माझेच डोळे लागतात असं नाही, कोणाचेही चालतील. फक्त विचारावं लागेल. ते मला आजवर जमलेलं नाही.

सून: कागद वाचायचं काम माझं. प्रत्येक खोक्यातला, नवव्या ओळीसकट. आणि टेबलावरचा दिवा उद्या बदलते.

मुलगा: आणि नियम?

सासरे: नियम माझा होता आणि चुकीची गोष्ट मोजत होता. तो रद्द. पण डॉक्टरबाईंची गाडी अजून चिमट्यांवर उभी आहे. दाबाच्या नळ्या, पक्कडीने तारेवर दाबतात त्या, आहेत ना, सूनबाई?

सून: डाव्या खणात. पक्कडही तिथेच. तुम्ही कधी वापरली नाहीत ती.

सासरे: मला नेहमी ते आळशाचं काम वाटायचं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मला गळका सांधा मागितला आहे. आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघू. काळी तार ही नक्की आहे, एवढं मला दिसतं. दाबली. पंप मार.

सून: येतायत. बारीक आहेत, पण येतायत.

सासरे: ओढून बघ.

सून: निघत नाही.

सासरे: मग आता खऱ्या तारा. तू असा उजेडात उभा राहू नकोस रे. ती पेटी पालथी घाल आणि तिच्यावर बस. इथे, माझ्या शेजारी.

मुलगा: बसलो.

सासरे: ही बघ. पांढरी की करडी?

मुलगा: करडी, बाबा.